भावाचे पाकिटबंद फोन

चार महिने माझा सख्खा भाऊ आमच्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, माझ्या पाटल्यांच्या शेजारी, पाकिटात बंद होता. म्हणजे त्याचा आवाज. तो स्वतः पिंपळीत उसाला पाणी देत होता आणि आपण बंद आहोत याचा त्याला पत्ताही नव्हता.

झालं असं की आबा गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्याभरात भावाचा फोन आला, हक्कसोडच्या कागदावर सही करायला ये म्हणून. हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी स्वखुशीनं भावाला सोडला, असं लिहून द्यायचं. आमच्या भागात बहिणी ते देतात. साडी नेसवतात, पुरणपोळीचं जेवण होतं, कचेरीच्या दारात फोटो काढतात. माझ्या नणंदांनी आमच्या ह्यांना लिहून दिलं तेव्हा चहा मीच केला होता, आणि खरं सांगते, मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नव्हतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र 'स्वखुशीनं' हा शब्द घशात अडकला. त्या रानात मी खुरपलंय. सातवीत असताना साप चावता चावता वाचलेय. मी म्हटलं, "बघते, विचार करते."

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पण आबांच्या मागं कर्ता झालेला. तो ताडकन म्हणाला, "सही करायची नसंल तर मग हितं पाय ठिवायचा न्हाय."

आई आधीच गेलेली. माहेर म्हणून मला आता हा एवढा एकच माणूस. सही केली तर वाटा जाणार, नाही केली तर माहेर जाणार, असा सरळ हिशोब त्यानं एका वाक्यात माझ्या ताटात वाढला. मी फोन आपटला आणि त्याचा नंबर मोबाइलवर ब्लॉक करून टाकला. ब्लॉक कसं करायचं ते मला तोवर येत नव्हतं. रागात आलं.

आमचे हे वालचंदनगरला कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत. तीस वर्षं नटबोल्ट, बेअरिंगं आणि हातमोजे सांभाळून या माणसाचा असा ठाम समज झालाय की जगात ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही. मी क्वार्टरभर पाय आपटत फिरतेय, आणि ह्यांनी शांतपणे विचारलं, "तो हे बोलला तेव्हा दुसऱ्या कुणी ऐकलं का?"

"अहो, फोनवर कोण ऐकणार? मी ऐकलं ना!"

"मग पुरावा नाही. उद्या तो म्हणेल, मी असं बोललोच नाही, आक्काच भांडून गेली. गावात त्याचंच खरं धरतील."

हे मात्र मला पटलं. गाव त्याचं, भावकी त्याची. मी काय, सणाला येणारी पाहुणी. हे म्हणाले, मोबाइल लागत नाही म्हटल्यावर तो घरच्या फोनवर करणारच. वायफायबरोबर आलेला तो फोन आमच्याकडे शोकेसवर शोभेला होता. वर मी विणलेला रुमाल. ह्यांनी रुमाल उचलला आणि त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये स्टोअरची शाखा निघाली.

पद्धत अशी. फोन वाजला की स्पीकर लावायचा. शेजारी पालथी वाटी, वाटीवर ह्यांचा काच तडकलेला जुना मोबाइल, त्यावर रेकॉर्डिंग. बोलणं सुरू होताच समोरच्याकडून नाव, वार आणि तारीख वदवून घ्यायची, म्हणजे पुढं कुणी वाद घालायला नको. महिना संपला की सगळं एका मेमरी कार्डावर घ्यायचं, कार्ड पाकिटात, पाकिटावर टेप, टेपवर दोघांच्या सह्या आणि पाकीट लॉकरमध्ये. मोबाइलमधलं मग पुसून टाकायचं, कारण एकाच मालाच्या दोन नोंदी असल्या की घोटाळे होतात. आणि शेवटचा नियम ह्यांनी मला तीनदा सांगितला: सीलबंद पाकीट वकिलासमोरच फोडायचं. मध्येच उघडलं तर पुराव्याची किंमत शून्य.

"एकदा ऐकून तर बघू द्या," मी म्हणायची.

"मागणीची चिठ्ठी दे. चिठ्ठीवर कारण लिही. मग मी नामंजूर करतो."

व्हॉट्सअॅपवर तर एक सेकंदही जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तिथं मी त्यांच्या बाजूची होते. कळंबातल्या आमच्या ओळखीच्या एका बाईनं नवऱ्याशी झालेलं भांडण असंच जपून ठेवलं होतं. ते बहिणीला पाठवायचं तर चुकून हळदीकुंकवाच्या ग्रुपवर गेलं. साठ बायकांनी ऐकलं, आणि त्यात सासूबद्दल ती जे बोलली होती ते सासूनं दोनदा ऐकलं. आम्हाला तसलं काही नको होतं. आमचं काम कसं, कुलुपातलं.

भावाचा फोन दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. ह्यांनी वाटी सारली, बोट वर केलं, मी स्पीकर लावला.

"आक्का..."

"थांब. आधी सांग, कोण बोलतंय?"

"कोण म्हंजी? मी हाय की."

"मी म्हणजे कोण? पूर्ण नाव सांग. आणि आज वार कोणता? तारीख काय?"

पलीकडं पंप चालल्याचा आवाज येत होता. मग तो हळूच म्हणाला, "आक्का, दाजी हायेत का घरात? त्यांना दे जरा."

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. त्यांच्या म्हणण्यानुसार ते साक्षीदार होते, आणि साक्षीदारानं बोलायचं नसतं. शेवटी भावानं बिचाऱ्यानं नाव, वार, तारीख, वर तिथीसुद्धा सांगितली, आणि त्यानंतर मी त्याला काही बोलू दिलं असेल असं मला वाटत नाही. कारण मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते पाय न ठेवण्याचं. ते एकदा रेकॉर्डवर आलं की मी मोकळी. म्हणून मी त्याला डिवचत राहिले. "काल काय म्हणालास? म्हण की परत! आता का दातखीळ बसली? आबा असते तर तुझी हिंमत झाली असती का? म्हण ना, मर्दाचा बच्चा असशील तर म्हण!"

तो काहीतरी पुटपुटत होता. मध्येच "जाऊ दे की आता" एवढं ऐकू आलं. मी ह्यांच्याकडं बघून डोळे मोठे केले, म्हणजे बघा कसा सटकतोय. ह्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'हळू बोल.' मी तो कागद चुरगाळून त्यांच्याकडंच फेकला.

मग हे चालूच राहिलं. श्रावण लागला, फोन आला. राखीच्या आधी आला. गौरी-गणपतीत दोनदा आला. दर वेळी मी आधी वार विचारायची, तो मुकाट सांगायचा. चौथ्या-पाचव्या वेळेपासून तर तो "हॅलो"च्या ऐवजी थेट "बेस्तरवार, आक्का" म्हणू लागला. दर वेळी मी ते वाक्य काढायला जायची आणि तो काही ते बोलायचा नाही. मला वाटायचं, काय हुशार झालाय बघा, नक्की कुणीतरी वकिलानं पढवलंय याला. फोन ठेवल्यावर माझं डोकं तासभर दुखायचं, घसा बसायचा. हे वहीत नोंद करायचे आणि मला गरम पाणी द्यायचे. राखी मी पोस्टानंही पाठवली नाही. पंचमीला गेले नाही, दसऱ्याचं सोनं द्यायला गेले नाही. दसऱ्याच्या दिवशी शेजारणीनं विचारलं, "यंदा माहेरी नाही?" मी म्हटलं, "गुडघे धरलेत." दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. गुडघे चांगले ठणठणीत होते.

दिवाळी तोंडावर आली तसं मी ह्यांना म्हटलं, भाऊबीजेच्या आत सोक्षमोक्ष लावा. सहीसाठी जबरदस्ती केली म्हणून नोटीस पाठवू आणि मोकळं होऊ. ह्यांनी चार पाकिटं लॉकरमधून काढली, वहीत 'माल बाहेर' अशी नोंद केली आणि आम्ही बारामतीच्या एसटीत बसलो. ती एसटी पिंपळीवरूनच जाते. फाटा आला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसले.

वकील एक तरुण मुलगी होती, माझ्या नणंदेच्या मुलीच्या वयाची. चष्मा, समोर लॅपटॉप, टेबलावर अर्धा राहिलेला वडापाव. तिनं पाकिटं उलटसुलट करून बघितली. "सील छान केलंय, काका. मूळ रेकॉर्डिंग कुठंय? ज्या फोनवर केलं तो फोन?"

"ते पुसलं," हे अभिमानानं म्हणाले.

"पुसलं?" तिनं चष्मा काढला. "काका, कोर्टात आधी तोच फोन मागतात."

तीस वर्षांत स्टोअरमधला एक वायसर न हरवलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. मला इतकी दया आली की मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. पोरीनं समजूत काढली, म्हणाली, आधी ऐकू तर काय आहे, मग बघू. तिनं पहिलं कार्ड लावलं.

आता हे मी कसं सांगू! लॅपटॉपातून कुणीतरी बाई किंचाळायला लागली. मला वाटलं, चुकून भलतंच लागलं. बाहेर स्टॅम्पपेपरच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवून आत बघितलं. मग ती बाई म्हणाली, "आबा असते तर तुझी हिंमत झाली असती का?" आणि मला कळलं की ती बाई मी आहे.

घरात बोलताना माझा आवाज असा येतो? मी ह्यांच्याकडं बघितलं. ते वकिलीणबाईंच्या कॅलेंडरकडं बघत होते.

पोरीनं दुसरं कार्ड लावलं, तिसरं लावलं. माझं आपलं चालूच. तिनं थांबवलं आणि सांभाळून विचारलं, "मावशी, यात त्यांनी धमकी कुठं दिलीय?"

"पुढं असेल."

पुढं होती. स्पष्ट, खणखणीत. "मी तुझ्या उंबऱ्याला मेले तरी पाय लावणार नाही, आणि तूही माझ्या दारात पाय ठेवायचा नाहीस, सांगून ठेवते!" ती माझीच होती. दोन कार्डांत मिळून चार वेळा.

"हे तुमच्या भावाच्या वकिलाला मिळालं ना," पोरगी म्हणाली, "तर तो पेढे वाटेल."

मी खुर्चीत बसल्या जागी लहान झाले. पदरानं तोंड पुसलं. आणि तेवढ्यात तिनं हात वर केला. "थांबा. तुमच्या आवाजाखाली ते काहीतरी बोलतायत." तिनं कानाला लावायचं ते यंत्र काढलं, आधी स्वतः ऐकलं, मागं नेऊन परत ऐकलं, आणि मग माझ्या कानांवर लावलं.

माझं ओरडणं होतंच. पण त्याच्या खालून, मी श्वास घ्यायला थांबले की तेवढ्या फटीत, त्याचा आवाज येत होता. "आक्का, सही ऱ्हाऊ दे. पंचमीला ये." मग माझं दोन मिनिटं. मग, "ऐक की. सही नगं मला. ये तू." पोरीनं पुढचं कार्ड लावलं. "राखीला येतीयस न्हवं? सहीचं काढत न्हाय मी." त्याच्या पुढचं. "दसऱ्याला वाट बघितली गं."

पहिला फोन, ज्यात मी त्याला वार विचारला होता, तोही तिनं शोधून दिला. त्यात तो मला म्हणत होता, "काल रागात बोललो. चुकलं माझं."

म्हणजे भांडण दुसऱ्याच दिवशी संपलं होतं. मी एकटीच चार महिने भांडत होते. आणि त्याचा पुरावा मी स्वतः सही करून, टेप लावून, कुलुपात ठेवला होता.

मला लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. आणि लगेच रागही आला. मेल्या, मोठ्यानं बोलायला काय झालं होतं तुला! शेतात तर पाटाच्या पलीकडच्याला हाका मारतोस. पोरीनं फी घेतली नाही. म्हणाली, "मावशी, सही करायची की नाही तो तुमचा हक्क आहे. नाही केलीत तर कुणी काही करू शकत नाही. बाकीचं मात्र कायद्यात बसत नाही." मी तिच्या टेबलावर वाटेत खायला घेतलेला शेंगदाण्याच्या लाडूंचा डबा तसाच ठेवून आले.

परतीच्या एसटीत पिंपळीचा फाटा आला तसं हे म्हणाले, "उतरायचं का?"

"अशी बिनबोलावता?"

"चार महिने बोलावतोय."

मी उतरले नाही. माझी मान वाकायला वेळ लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

घरी आल्यावर चहा घेतला आणि मीच फोन लावला. ह्यांनी सवयीनं वाटी पालथी घातली. मी ती उचलून मोरीत टाकली. मनाशी ठरवलं होतं, आज आपण तोंड उघडायचं नाही. तो बोलेल, आपण ऐकायचं.

"सोमवार, आक्का," तो म्हणाला.

मी गप्प.

"आक्का? सोमवार हाय आज. तारीख सांगू का?"

"नको. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतेय."

त्याचा आवाज बदलला. "दाजी बरं हायेत का?"

"बरे आहेत."

"मग तुला काय झालंय? अशी का बोलतीयस? रडतीयस का?"

"नाही रे. तू बोल ना, मी ऐकतेय."

फोन कट. परत लावला तर उचलेना. चार महिने माझ्या शिव्या खाऊन ज्याचं काही वाकडं झालं नाही, तो माझ्या दोन शांत वाक्यांनी घाबरला होता. तासाभराच्या आतच बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं तर हा समोर. चड्डी-बनियनवर शर्ट, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. उसाला पाणी देत होता, ते तसंच सोडून आला होता.

"दवाखान्यात न्यायचं का?" त्यानं माझ्या डोक्यावरून ह्यांना विचारलं.

"कुणाला?" हे म्हणाले.

मी म्हटलं, "मला काही झालं नाही. आणि एक सांगते, सही मी करणार नाही. नाव राहू दे माझं त्या सातबाऱ्यावर."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हंजी बरं. आबांची लेक न्हवं का तू?" त्यानं मनगटानं कपाळाचा घाम पुसला. "लिवलंय ते ऱ्हाऊ दे. मी बोललो ते वंगाळ बोललो."

ही कबुली काढायला मी काय काय नाही केलं! आणि आता ती आपणहून आली तर मला तिचं काही करता येईना. ह्यांनी मागून म्हटलं, "अरे, आत ये ना, बाहेर काय उभा राहिलास?"

तो हलला नाही. उंबऱ्याच्या बाहेर, चपला काढून, हात मागं बांधून उभा होता. मला वाटलं, चिखलाचे पाय म्हणून संकोच करतोय.

"ये की," मी म्हटलं.

"येऊ का?" तो खाली बघत म्हणाला. "तू नगं म्हणाली हुतीस पाय ठिवायला."

चार वेळा ओरडून मी विसरून गेले होते, आणि हा ते पाळत होता. मला त्याला रागवायचं होतं, म्हणायचं होतं, की माझं जन्मात कधी ऐकलं नाहीस, हेच बरं ऐकलंस. पण मी मोरीतून पाण्याचा तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यातच बसून त्याच्या पायांवर पाणी घालायला लागले. गाडीवर वाऱ्यानं चिखल वाळून घट्ट झाला होता, हातानं चोळल्याशिवाय निघेना. तो म्हणाला, "आक्का, दे इकडं, मी धुतो." मी तांब्या दिला नाही.